विहारयात्रा : सोपाऱ्याचा शिलालेख आणि रात्रीच्या करमणुकीचा इतिहास

१.
उत्तर थायलंडमधील चियांग माई हे शहर सध्या आपल्याकडील तरुणांच्या बोलण्यात वारंवार येते. राजा मंगराय याने इ.स. १२९६ मध्ये वसवलेले हे नगर. भोवती चौकोनी खंदक, आत जुने बौद्ध मठ, आणि दिवस मावळला की त्याच रस्त्यांवर भरणारा बाजार, गाणेबजावणे, खाणेपिणे. बँकॉकची धावपळ येथे नाही. रात्र हळूहळू चढते. तेथून परतलेले पुष्कळ जण एक प्रश्न घेऊन येतात : अशी निवांत रात्र आपल्याकडे का नसावी? त्या प्रश्नाचा इतिहास शोधण्यासाठी हा धागा. दीर्घ आहे, सवडीने वाचावा.

२.
आरंभ आचोळ्यापासून करू. वसई-विरार पट्ट्यातील हे गाव आज नालासोपारा पूर्वेच्या इमारतींत मिसळून गेले आहे. गावाचे नाव तलावाने आणि रस्त्याने टिकवून धरले आहे. येथून रेल्वेमार्ग ओलांडून पश्चिमेला गेले की लागते सोपारा, म्हणजे प्राचीन शूर्पारक. ग्रीक नाविकाने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’मध्ये आणि टॉलेमीच्या भूगोलात या बंदराचा उल्लेख येतो. गंमत अशी, की राजाने करमणुकीसाठी प्रवासाला जावे की नाही, याविषयीचा भारतातील एक अतिशय जुना राजलेख याच सोपाऱ्यात सापडला.

३.
साल १८८२. पंडित भगवानलाल इंद्रजी सोपाऱ्यात संशोधन करत होते. ‘बुरुड राजाचा कोट’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या टेकाडाखाली बौद्ध स्तूप आहे, हे त्यांनी उत्खननाने दाखवले. त्याच वर्षी त्यांना ब्राह्मी अक्षरे कोरलेला दगडाचा एक तुकडा मिळाला. तो निघाला सम्राट अशोकाच्या चौदा प्रमुख शिलालेखांपैकी आठव्याचा भाग. पुढे १९५६ मध्ये जवळच्या भुईगाव येथे नवव्या लेखाचा तुकडा सापडला. एकेकाळी चौदाही लेख येथे कोरलेले असावेत, असे अभ्यासक मानतात.

४.
आठवा लेख काय सांगतो? सोपाऱ्याचा तुकडा अपुरा आहे. पण गिरनारसारख्या ठिकाणी तोच मजकूर पूर्ण मिळतो, त्यामुळे अर्थ लागतो. पूर्वीचे राजे ‘विहारयात्रे’ला जात, असे अशोक म्हणतो. त्यात मृगया असे आणि तशाच इतर मौजा असत. राज्याभिषेकाला दहा वर्षे झाल्यावर तो स्वतः संबोधीला, म्हणजे बोधगयेला गेला. तेव्हापासून विहारयात्रेऐवजी ‘धर्मयात्रा’ सुरू झाली. श्रमण-ब्राह्मणांची भेट, वृद्धांना दान, खेड्यापाड्यांतील लोकांशी भेट आणि धर्मचर्चा, हे त्या यात्रेचे स्वरूप.

५.
येथे ‘विहार’ या शब्दावर क्षणभर थांबावे. या लेखात त्याचा अर्थ आहे मौज, रंजन, फिरणे. हाच शब्द भिक्षूंच्या निवासासाठीही रूढ झाला. तो पूर्वेकडे प्रवास करत थाई भाषेत ‘विहान’ झाला. तेथे मठाच्या आवारातील सभागृहाला हे नाव आहे. म्हणजे चियांग माईला जाणारा आपला तरुण दिवसा एका अर्थाचा विहार पाहतो आणि रात्री दुसऱ्या अर्थाचा विहार करतो. दोन्ही अर्थ एका शब्दात नांदतात, हे त्याला बहुधा ठाऊक नसते.

६.
या लेखातील दोन गोष्टी महत्त्वाच्या आहेत. पहिली : अशोक आनंद नाकारत नाही. धर्मयात्रेत आपल्याला अधिक आनंद मिळतो, असे तो सांगतो. दुसरी गोष्ट त्याहून मोलाची. हा लेख प्रजेच्या मौजेवर बंधन घालत नाही. राजाच्या मौजेवर घालतो. शिकारीचा खर्च, लवाजमा, त्या निमित्ताने गावोगावच्या लोकांना होणारा ताप, हे सारे राजाच्याच करमणुकीचे अंग होते. बंधनाची सुरुवात सत्ताधाऱ्याने स्वतःपासून केली. हे सूत्र ध्यानात ठेवावे. पुढील प्रत्येक टप्प्याला आपण ते लावून पाहणार आहोत.

७.
अर्थात अशोकाला आजच्या अर्थाने उदारमतवादी ठरवण्याची घाई करू नये. पहिल्या शिलालेखात तो ‘समाज’ भरवू नयेत, असे फर्मावतो. तेव्हाच्या भाषेत समाज म्हणजे खेळ, गाणी, खानपान यांसाठी जमलेला मेळा. अशा मेळ्यांत राजाला पुष्कळ दोष दिसतात. मात्र लगेच पुढे तो जोडतो, की काही समाज चांगलेही आहेत. म्हणजे कोणता मेळा चांगला आणि कोणता वाईट, हे ठरवण्याचा अधिकार राजाने आपल्याकडे ठेवला. राज्यसंस्था आणि करमणूक यांच्यातील ओढाताण इतकी जुनी आहे.

८.
याची दुसरी बाजू कौटिलीय ‘अर्थशास्त्रा’त दिसते. परंपरा हा ग्रंथ मौर्यकाळाशी जोडते. आज उपलब्ध असलेले त्याचे रूप मात्र नंतर सिद्ध झाले, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. त्यात सुराध्यक्ष नावाचा अधिकारी आहे. मद्यगृहांत अनेक दालने असावीत, बसण्या-निजण्याची वेगळी सोय असावी, सुगंध, फुले आणि पाणी असावे, प्रत्येक ऋतूत तेथे सुख वाटावे, असे हा ग्रंथ सांगतो. मात्र नव्याने वसवलेल्या खेड्यांत करमणुकीच्या शाळा, म्हणजे दालने, बांधू नयेत. नट-नर्तकांनी लोकांच्या कामात विघ्न आणू नये, असेही बजावतो. नगराला करमणूक, खेड्याला काम!

९.
त्याच ग्रंथात रात्रीची संचारबंदी आहे. रात्रीच्या आरंभी व अखेरीस तूर्य वाजे आणि मधल्या वेळात विनाकारण हिंडणाऱ्याला दंड होई. पण अपवादांची यादी पाहा : प्रसूतीसाठी जाणारे, वैद्य, प्रेत नेणारे, दिवा घेऊन चालणारे, आग विझवण्यास निघालेले, परवान्याची मुद्रा असलेले, आणि ‘प्रेक्षे’ला म्हणजे नाट्यप्रयोगाला निघालेले. नाटक पाहणे हे रात्री बाहेर पडण्याचे वैध कारण होते! रात्र कोणाची, कोठे आणि किती वाजेपर्यंत, हे तिन्ही प्रश्न येथे स्पष्ट मांडलेले दिसतात.

१०.
आता अनेक शतके ओलांडून एकोणिसाव्या शतकातील मुंबईत येऊ. कारण आपण आज जिला ‘नाइटलाइफ’ म्हणतो, तिला लागणाऱ्या तीन गोष्टी येथे एकत्र आल्या : तिकीट, दिवा आणि आगगाडी. ग्रँट रोडवर १८४६ मध्ये नाटकगृह उभे राहिले. सांगलीचे विष्णुदास भावे यांनी १८५३ मध्ये तेथे मराठी नाटके केली आणि त्याच वर्षी पारशी रंगभूमीही सुरू झाली. १८६५ मध्ये शहराच्या काही रस्त्यांवर गॅसचे दिवे लागले. ग्रँट रोडच्या परिसरातील नाटकगृहांमुळे ‘प्ले हाउस’ हा शब्द रूढ झाला आणि लोकांच्या तोंडी त्याचा ‘पिला हाउस’ झाला.

११.
आणि आगगाडी? १२ एप्रिल १८६७ रोजी विरार ते मुंबईतील बॅकबे अशी पहिली उपनगरी गाडी धावली. सकाळी पावणेसातला विरारहून निघायची आणि सायंकाळी साडेपाचला मुंबईहून परतायची. दिवसभरात जाण्याची एक आणि येण्याची एक. या वेळापत्रकात एक सामाजिक नियम दडलेला आहे : सोपारा-वसईच्या माणसाने शहरात दिवसा काम करावे आणि दिवेलागणीला घरी परतावे. मुंबईची रात्र त्याच्यासाठी नव्हती. विरारपर्यंत विजेची गाडी यायला १९३६ साल उजाडले. पुढे फेऱ्या वाढल्या. तरी ‘शेवटची गाडी’ हा शब्द आजही आपल्या प्रत्येक रात्रीची सीमा ठरवतो.

१२.
मग वसईच्या माणसाची स्वतःची रात्र कशी होती? शेताच्या बांधावरील ताड, माड आणि शिंदीची झाडे, संध्याकाळची ताडी, आणि तो व्यवसाय करणारा भंडारी समाज. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने या व्यवस्थेवर सरकारी पकड घट्ट केली. झाडामागचा कर वाढला. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत त्याविरुद्ध असंतोष उसळला. १८९२ मध्ये मोहाच्या फुलांवरही नियंत्रण आणणारा खास कायदा झाला. कारण नीतीचे नव्हते, महसुलाचे होते : गावात झाडावरून उतरणारे स्वस्त पेय आटले, तर सरकारी मक्त्याच्या दारूचे गिऱ्हाईक वाढणार होते.

१३.
इकडे मुंबईत रात्र रंगत गेली. १९०३ मध्ये ताजमहाल हॉटेल उघडले. १९३५ मध्ये लिऑन अ‍ॅबे या आफ्रिकी-अमेरिकी व्हायोलिनवादकाचा वाद्यवृंद तेथे आला आणि मुंबईत जॅझ रुजले. त्यानंतर क्रिकेट स्मिथ, टेडी वेदरफोर्ड आले. त्यांच्याबरोबर वाजवता-वाजवता तयार झाली गोव्याच्या वादकांची पिढी. चर्चच्या शाळांत स्वरलेखन शिकलेले हे तरुण. त्यांपैकी अँटोनियो झेवियर वाझ ‘चिक चॉकलेट’ या नावाने गाजला. नाचणारे पाहुणे श्रीमंत होते. वाजवणारे मध्यमवर्गीय, पोटासाठी गाव सोडून आलेले. रात्रीच्या चित्रातील हा दुसरा भाग नेहमी मंद उजेडात असतो.

१४.
मग आली दारूबंदी. १ ऑगस्ट १९३९ रोजी काँग्रेस मंत्रिमंडळाने मुंबईत दारूबंदी लागू केली, डॉ. एम. डी. डी. गिल्डर हे त्या खात्याचे मंत्री होते. काही महिन्यांतच मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि तो प्रयोग ढासळला. स्वातंत्र्यानंतर १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा झाला आणि ६ एप्रिल १९५० पासून संपूर्ण राज्यात बंदी आली. मोरारजी देसाई तेव्हा गृहमंत्री होते. दारूने उद्ध्वस्त होणारे गरीब संसार ही या चळवळीमागची खरी वेदना होती. तिची थट्टा करणे इतिहासाला धरून होणार नाही.

१५.
पण अंमलबजावणीकडे पाहा. परदेशी पाहुण्यांना परवाना, प्रकृतीच्या कारणासाठी परवाना, लष्कराच्या मेस आणि कॅन्टीनना सवलत. ज्याला अर्ज, दाखला आणि ओळख जमवता येई, त्याची संध्याकाळ फारशी बदलली नाही. ज्याला ते जमत नव्हते, तो हातभट्टीकडे वळला. खाडीकाठच्या आडोशाला भट्ट्या पेटल्या, वस्त्यांत चोरटे गुत्ते उघडले. बंदीने पिणे थांबले नाही. ते महाग, विषारी आणि पोलिसांच्या मर्जीवर चालणारे झाले. साठच्या दशकापासून बंदी सैल होत गेली. कायदा मात्र आजही जिवंत आहे : महाराष्ट्रात दारू पिण्यासाठी कागदोपत्री परवाना लागतोच.

१६.
हॉटेलांतील वाद्यवृंदांची मिळकत आटली. पण वादक संपले नाहीत. ते चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणाकडे गेले. पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर, म्हणजे आपले सी. रामचंद्र, यांनी १९५१ च्या ‘अलबेला’साठी चिक चॉकलेटची साथ घेतली. त्या चित्रपटाचे नायक आणि दिग्दर्शक होते भगवानदादा पालव, गिरणगावात वाढलेले. ताजमहालच्या नृत्यमंचावरील लय अशा रीतीने चाळींच्या गणेशोत्सवापर्यंत पोहोचली. करमणुकीचा एक दरवाजा बंद झाला, की ती दुसरा शोधते, याचे इतके सुरेल उदाहरण क्वचित सापडेल.

१७.
सर्वांचे दैव मात्र इतके बलवत्तर नव्हते. महाराष्ट्राच्या ग्रामीण रात्रीचे खरे नाव तमाशा. जेवणे आटोपल्यावर गण-गौळणीने सुरू होऊन वगाने पहाटेला संपणारा खेळ. तो सादर करणारे प्रामुख्याने महार, मांग, कोल्हाटी आणि तत्सम दलित-भटक्या समाजांतील कलावंत. स्वातंत्र्यानंतर लगेचच बाळासाहेब खेरांच्या सरकारने अश्लीलतेच्या कारणावरून तमाशावर बंदी घातली. कलावंतांनी दाद मागितली, समिती नेमली गेली, आणि संहिता तपासून घेण्याच्या अटीवर खेळ पुन्हा उभे राहिले. अशोकाचे ‘काही समाज चांगले’ हे वाक्य येथे आठवल्यावाचून राहत नाही.

१८.
विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांचे आयुष्य या प्रश्नाचा आरसा आहे. भर कार्यक्रमात बाळंतपण झाले आणि त्या पुन्हा फडावर उभ्या राहिल्या, ही त्यांची हकीकत महाराष्ट्रभर सांगितली जाते. १९९० मध्ये त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. २००२ मध्ये त्यांचे निधन झाले. अखेरचे दिवस आर्थिक विवंचनेत गेले. पुढे राज्य शासनाने त्यांच्याच नावाने जीवनगौरव पुरस्कार सुरू केला. दरम्यान २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहानंतर ध्वनिवर्धकावर बंधन आणले. रुग्ण, वृद्ध आणि विद्यार्थी यांच्यासाठी तो नियम योग्यच होता. पण जो खेळ दहानंतरच रंगतो, त्याच्या पोटावर पाय आला.

१९.
आता तुमच्या-आमच्या आठवणीतील पर्व. ऑगस्ट २००५. गृहमंत्री आर. आर. पाटील यांच्या काळात १९५१ च्या मुंबई पोलीस कायद्यात ३३-अ आणि ३३-ब ही कलमे घालण्यात आली. पहिल्या कलमाने बारमधील नृत्यावर बंदी आली. दुसऱ्या कलमाने त्यातून सूट दिली : तीन तारांकित व त्यावरील हॉटेले, जिमखाने, क्लब, नाट्यगृहे. म्हणजे तेच नृत्य उपनगरातील बारमध्ये गुन्हा आणि तारांकित हॉटेलात करमणूक. नीतीची व्याख्या हॉटेलच्या दर्जावर ठरली.

२०.
या निर्णयाचा भार कोणी उचलला? न्यायालयापुढे सुमारे ७५,००० स्त्रियांचा आकडा मांडला गेला. एसएनडीटी विद्यापीठाच्या स्त्री-अभ्यास केंद्राने स्त्री-संघटनेच्या साहाय्याने केलेली पाहणी असे सांगत होती, की यांतील पुष्कळ स्त्रिया घरातील मिळवत्या होत्या आणि काहींच्या समाजांत नृत्य हा पिढीजात व्यवसाय होता. शोषण होते, हे खरे. दलाल, कर्ज, गिऱ्हाइकांची अरेरावी, सारे होते. पण शोषणावर उपाय म्हणून शोषिताचेच काम काढून घेतले, आणि पर्यायी रोजगाराची हमी कोठेच नव्हती.

२१.
१२ एप्रिल २००६ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ही बंदी घटनाबाह्य ठरवली. एकाच प्रकारच्या कामासाठी दोन वर्गांना दोन न्याय देणे समतेच्या तत्त्वाला, अनुच्छेद १४ ला, धरून नाही. आणि व्यवसायस्वातंत्र्याचाही भंग होतो, हा निकालाचा गाभा. १६ जुलै २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम केला. शासनाने २०१४ मध्ये सूट काढून सर्वांवर बंदी आणली. २०१५ मध्ये तिलाही स्थगिती मिळाली. मग २०१६ चा नवा कायदा आला आणि त्यात इतक्या अटी होत्या, की परवाना मिळणेच दुरापास्त व्हावे.

२२.
१७ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांपैकी अनेक अटी रद्द केल्या : शाळा व धर्मस्थळांपासून एक किलोमीटर अंतर, नृत्याच्या जागी सीसीटीव्ही, मद्याची आणि नृत्याची जागा वेगळी करणे. सायंकाळी सहा ते रात्री साडेअकरा ही वेळ मात्र मान्य केली. नोटा उधळण्यावरील मनाई टिकली. बक्षिशी देण्यास हरकत नाही, असे ठरले. चौदा वर्षांच्या या वादात न्यायालयाने वारंवार एकच भेद अधोरेखित केला : नियमन करणे वेगळे, निर्मूलन करणे वेगळे. तोवर त्या स्त्रियांपैकी कित्येकींची उमेदीची वर्षे सरली होती.

२३.
मग थायलंड हा मुक्त स्वर्ग आहे काय? तसे मुळीच नाही. १९६६ च्या कायद्याने तेथेही करमणुकीच्या जागांना परवाने आणि वेळा बांधून दिल्या आहेत. १९६७ मध्ये व्हिएतनाम युद्धातील अमेरिकी सैनिकांच्या विश्रांतीसाठी करार झाला आणि बँकॉक-पट्टायाच्या रात्रींना आजचे वळण मिळाले. देहविक्रय कागदावर बेकायदा, पण उघडपणे चालणारा. त्यामुळे तेथील स्त्रियांना कायद्याचे संरक्षण तोकडे. डिसेंबर २०२३ मध्ये बँकॉक, फुकेत, चियांग माई आदी ठिकाणी पहाटे चारपर्यंत परवानगी मिळाली, तीही पर्यटकांच्या पैशासाठी. जाणाऱ्याला निवांत वाटणारी रात्र कोणाच्या तरी दीर्घ पाळीवर उभी असते.

२४.
फरक आहे तो रात्रबाजाराचा. चियांग माईची रविवारची ‘चालण्याची पेठ’ ही मद्यगृहापेक्षा रस्त्याची करमणूक आहे : हस्तकला, खाद्यपदार्थ, एखादा वादक, मुलेबाळे घेऊन आलेली कुटुंबे. वाहने बंद, रस्ता पायी चालणाऱ्यांचा. तिकीट नाही, तारांकित दर्जा नाही. आपल्या जत्रा आणि उरूस याहून वेगळे काय होते? निवांत रात्र ही परदेशातून आणण्याची वस्तू नाही. ती आपल्याकडे होती. आपण तिला एकीकडे बंदी आणि दुसरीकडे महागडे प्रवेशशुल्क, अशा दोन टोकांत विभागून टाकले.

२५.
अलीकडे वारे थोडे बदलले. २०१७ च्या महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायद्याने दुकाने चोवीस तास उघडी ठेवण्याची वाट मोकळी केली आणि संमती व सुरक्षेच्या अटींवर स्त्रियांना रात्रपाळीत काम करता येऊ लागले. २७ जानेवारी २०२० पासून मुंबईत निवासी वस्तीबाहेरील मॉल, चित्रपटगृहे आणि उपाहारगृहे रात्रभर चालू ठेवण्यास परवानगी मिळाली. बार आणि पब त्यातून वगळले होते. दोन महिन्यांच्या आत महासाथीची टाळेबंदी आली. डिसेंबर २०२० मध्ये महापालिका क्षेत्रांत रात्री अकरा ते सकाळी सहा संचारबंदी लागली. अर्थशास्त्रातील तूर्य जणू पुन्हा वाजला.

२६.
आता शेवटची गाडी पकडून नालासोपाऱ्यास परत येऊ. मध्यरात्र उलटल्यावर या गाडीतून कोण उतरते? हॉटेलातील वाढपी आणि आचारी, परिचारिका, सुरक्षारक्षक, मॉलमधील विक्रेत्या, लग्नात वाजवून आलेला बँडवाला. स्थानकाबाहेर भुर्जीपावाची गाडी आणि शेअर रिक्षा त्यांच्यासाठी थांबलेली असते. मुंबईची रात्र ज्यांच्या हातांवर चालते, त्यांतील कितीतरी जण आचोळ्याच्या रस्त्याने घरी जातात. वर्षातून एकदा, ३१ डिसेंबरच्या रात्री, पश्चिम रेल्वे मौज करणाऱ्यांसाठी पहाटेपर्यंत खास गाड्या सोडते. उरलेल्या रात्री काम करणाऱ्याचा पाय रेंगाळला, तर त्याला फलाटावर पहाटेची वाट पाहावी लागते.

२७.
म्हणून आरंभीच्या प्रश्नाचे माझे उत्तर असे : आपल्याकडे निवांत रात्र नाही, याचे कारण संस्कृती नव्हे, रात्रीचे नियम आपण नेहमी दुसऱ्यासाठी लिहिले, हे आहे. ताडी काढणारा भंडारी, फडावरची कलावंतीण, बारमधील नर्तकी यांच्यावर बंधन. परवानाधारक, तारांकित, जिमखानी यांना सूट. सोपाऱ्याचा आठवा लेख याच्या नेमका उलट आहे. त्यात सर्वांत बलवान माणसाने प्रथम स्वतःची विहारयात्रा तपासली.

२८.
तुमच्यापैकी कोणी चियांग माईस निघाले असेल, तर अवश्य जावे. आनंद घ्यावा, तो घेण्यात काही गैर नाही. फक्त पेल्यापलीकडे उभ्या असलेल्या माणसाकडेही पाहावे : तो किती वाजता घरी जातो, कशाने जातो. आणि जाण्यापूर्वी एक सकाळ काढून सोपाऱ्याचा स्तूप पाहून यावा. आचोळ्याहून तो रिक्षाच्या अंतरावर आहे. सव्वादोन हजार वर्षांपूर्वी याच गावात राजाने आपल्या मौजेचा जाहीर हिशेब दिला होता.

धागा येथे संपला. तुमच्या गावची जत्रा, तमाशाचा फड किंवा रात्रीचा बाजार यांची आठवण असेल, तर खाली जरूर लिहा.